होंडा सिटीच्या इंजिनातून १५० हॉर्सपॉवर काढता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा. २०१७ ची होंडा सिटी, १.५ आय-व्हीटेक पेट्रोल, मॅन्युअल, सत्तर हजार किलोमीटर चाललेली. घरची पाच माणसं, एसी चालू, डिकी भरलेली आणि पुणे-कोल्हापूर नेहमीचं येणंजाणं. कोल्हापूरकडे येताना खंबाटकीच्या चढाला ट्रक ओलांडायचा म्हटलं की गाडी ओढत नाही. एका वर्कशॉपने कोन फिल्टर (शंकूसारखा उघडा एअर फिल्टर), हेडर (इंजिनातून धूर गोळा करणारे पाइप), फ्री फ्लो एक्झॉस्ट (मोकळा सायलेन्सर) आणि ईसीयू रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) असं दीड लाखाचं पॅकेज सांगितलंय. २५ ते ३० हॉर्सपॉवर नक्की वाढतील, म्हणजे गाडी दीडशेला जाईल, असा शब्दही दिलाय. घ्यावं का? आणि १०० ऑक्टेन पेट्रोलने काही फरक पडेल का?

घेऊ नका. या पॅकेजमधून तीस सोडा, पंधरा मिळाले तरी मला नवल वाटेल. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनं बांधतो. आधी हेड फेसिंग, बोअर, व्हॉल्व्ह सीट असं मशीन शॉपचं काम केलं आणि मग ट्रॅकवर पळणाऱ्या गाड्यांचं ट्यूनिंग. ताकद वाढवायला माझा विरोध असता तर मी या धंद्यात नसतो. पण तुमची अडचण आणि तुम्हाला विकला जाणारा उपाय यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. आकड्यांतून दाखवतो.

तुमच्या इंजिनाचे कंपनीचे आकडे आहेत ६६०० आरपीएमला ११९ पीएस आणि ४६०० ला १४५ न्यूटन मीटर टॉर्क. (बोलताना आपण हॉर्सपॉवरच म्हणतो. पीएस आणि बीएचपीतला फरक दीड टक्क्याच्या आत आहे, तो इथे सोडून देऊ.) टॉर्कला आरपीएमने गुणा आणि ७०२४ ने भागा, पीएस मिळतात. म्हणजे ४६०० ला १४५ न्यूटन मीटर असताना इंजिन साधारण ९५ पीएस देतंय आणि ६६०० ला ११९ पीएस देताना त्याचा टॉर्क १२७ च्या आसपास उतरलेला आहे. वर वर जाताना सिलिंडर पूर्वीइतका भरत नाही म्हणून टॉर्क पडतो. पण स्फोटांची संख्या वाढते म्हणून ताकद चढत राहते.

आता १५० हवेत, तर रस्ते दोनच. त्याच ६६०० ला टॉर्क १२७ वरून १६० वर न्यायचा, किंवा १२७ चा टॉर्क तसाच टिकवून इंजिन ८३०० आरपीएमपर्यंत फिरवायचं.

पहिला रस्ता किती अवघड आहे ते होंडाच्याच एका इंजिनावरून कळतं. १९९७ च्या सिव्हिक टाइप आर मध्ये १.६ लिटरचं बी१६बी इंजिन होतं. १८५ पीएस, ८२०० आरपीएम. टर्बोशिवायच्या छोट्या इंजिनांत आजही ते नाव आदराने घेतलं जातं. त्याचा सर्वोच्च टॉर्क १६० न्यूटन मीटर होता. तुम्हाला तोच आकडा शंभर सीसी कमी असलेल्या, सिंगल कॅमच्या (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), मायलेजसाठी बांधलेल्या इंजिनातून हवाय. एक फिल्टर आणि एक पाइप बदलून तो निघत असता तर होंडाने त्या हेडवर, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्ह बसवलेल्या भागावर, एवढी मेहनत घेतली नसती.

दुसरा रस्ता आरपीएमचा. तुमच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ८९.४. लांब स्ट्रोकचं इंजिन आहे, म्हणूनच शहरात खालच्या आरपीएमला ते गोड चालतं. पण ६६०० लाच पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ २० मीटर होतो. त्या टाइप आरचा स्ट्रोक ७७.४ होता, म्हणून तो ८२०० ला पोचायचा. कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६६०० चे ७६०० केले की आरपीएम पंधरा टक्क्यांनी वाढतात आणि रॉडवरचा ताण तेहतीस टक्क्यांनी. रॉड बोल्ट, व्हॉल्व्ह स्प्रिंगा, ऑइल पंप हे सगळं बदलल्याशिवाय मी असं इंजिन कुणाच्या घरच्या माणसांना घेऊन घाटात जाऊ देणार नाही.

आता पॅकेजमधली एकेक वस्तू बघू. फिल्टरवर जरा जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त तोच विकला जातो.

इंजिनाला ताकद हवेच्या वजनातून मिळते. हवा थंड तर जड, गरम तर हलकी. कंपनीचा एअर बॉक्स कुरूप दिसतो, पण त्याचं तोंड पुढे, रेडिएटरच्या वरच्या पट्टीजवळ असतं आणि ते बाहेरची हवा ओढतं. तो काढून उघडा कोन लावला की इंजिन बॉनेटखालची हवा ओढायला लागतं. स्कॅनर लावून इनटेक टेंपरेचर बघितलं की हे लगेच कळतं. अशाच एका सेडानवर आम्ही बघितलं होतं. उन्हाळ्यातली दुपार, बाहेर सदतीस-अडतीस अंश. चालत्या गाडीत मूळ बॉक्सवर इनटेकची हवा बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंशांनी गरम. कोन लावून सिग्नलला उभं राहिलं तर आकडा साठीकडे चढला आणि गाडी निघाल्यावरही बराच वेळ उतरला नाही. ३५ अंशांची हवा ६० ची झाली की तिची घनता साडेसात टक्क्यांनी घटते. तुमच्या ११९ मधून सरळ आठ-नऊ पीएस गेले. वरून गरम हवेमुळे नॉकिंगची (मिश्रण अवेळी पेटून ठोके बसण्याची) भीती, म्हणून ईसीयू टायमिंग मागे घेतो आणि अजून थोडे जातात. इतकं होऊनही मालक म्हणतो गाडी जोरात झाली, कारण बॉक्स नसल्याने इनटेकचा आवाज थेट केबिनमध्ये येतो. आवाजाने माणूस फसतो. मीही म्हणूनच कानावर विश्वास ठेवत नाही, आकड्यावर ठेवतो. मूळ बॉक्स राहू द्या, कागदी फिल्टर वेळेवर बदला. तेल लावायच्या कॉटनच्या फिल्टरमधून आपल्याकडची बारीक धूळ जास्त जाते. ती सिलिंडरच्या भिंतीला आणि रिंगांना लागते.

हेडर आणि फ्री फ्लो. मोठ्या पाइपने धूर मोकळा होतो आणि ताकद वाढते, हे वरच्या आरपीएमला खरं आहे. पण तुम्हाला ओढ हवी आहे २००० ते ४००० मध्ये. तिथे धूर मुळात कमी असतो. पाइप रुंद केला की त्याचा वेग पडतो आणि बाहेर जाणाऱ्या धुराच्या मागे जी ओढ तयार होऊन सिलिंडर साफ व्हायचा, ती ढिली होते. इंजिनाला बॅक प्रेशर लागतं असं गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं, ते बरोबर नाही. इंजिनाला लागतो तो धुराचा वेग. नीट मोजून बनवलेला हेडर वर चार-पाच पीएस देतो आणि खाली तेवढाच त्रासही देऊ शकतो. बाजारातले बहुतेक हेडर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग, म्हणजे कॅट) काढूनच बसतात आणि तिथे कायदा आडवा येतो. त्याकडे पुढे येतो.

रीमॅप. टर्बो गाडीवर रीमॅप म्हणजे मोठी गोष्ट असते, कारण तिथे सॉफ्टवेअर बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) वाढवू शकतं, म्हणजे खरोखर जास्त हवा आत ढकलतं. तुमच्या इंजिनात हवा वाढवण्याचं कुठलंही साधन ईसीयूच्या हातात नाही. तो फक्त पेट्रोलचं प्रमाण आणि स्पार्कची वेळ बदलू शकतो आणि कंपनीने या दोन्ही गोष्टी आधीच बऱ्यापैकी नेटक्या ठेवलेल्या असतात. चांगल्या ट्यूनरच्या हातून अशा इंजिनात पाच ते आठ पीएस मिळतात असं माझं निरीक्षण आहे. पॅडल हलकं होतं, मधल्या आरपीएमला गाडी थोडी मोकळी वाटते. त्याला मी वाईट म्हणणार नाही. पण त्यासाठी गाडी डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरच्या यंत्रावर) हवी, धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावलेला हवा, नॉक ऐकणारी यंत्रणा हवी आणि तुमच्या गाडीवर बसून फाइल बनवणारा माणूस हवा. बाहेरून आणलेली तयार फाइल वीस मिनिटांत भरून देतात, त्यात यातलं काहीच नसतं. ओबीडी पोर्टमध्ये (स्कॅनर लावायच्या सॉकेटमध्ये) खुपसायची हजार-दोन हजाराची डबी मिळते, तिचा विचारही करू नका. आत लुकलुकणाऱ्या दिव्यापलीकडे फारसं काही नसतं. थ्रॉटल कंट्रोलर नावाची वस्तू मात्र काम करते, पण तिचं काम एवढंच की तुम्ही पॅडल तीस टक्के दाबलं तर ती इंजिनाला साठ सांगते. पूर्ण दाबल्यावर ताकद होती तेवढीच.

डायनोच्या कागदाबद्दल एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, कारण पुण्यात ती हमखास आडवी येते. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. तिथली हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्क्यांनी विरळ, म्हणून टर्बो नसलेलं इंजिन तिथे पाचेक टक्के कमी ताकद देतं. डायनोचं सॉफ्टवेअर हे गणित करून करेक्टेड आकडा दाखवू शकतं आणि ते बंदही करता येतं. कामाच्या आधीचा कागद करेक्शनशिवाय आणि नंतरचा करेक्शन लावून काढला, तर एकही नट न फिरवता पाच-सहा पीएस वाढलेले दिसतात. दुसरं म्हणजे डायनो चाकावरची ताकद मोजतो. गिअरबॉक्स, शाफ्ट, टायर यांत बारा ते पंधरा टक्के जातात. म्हणजे तुमची ठणठणीत सिटी चाकावर शंभर-एकशे चारच्या आसपासच दिसेल. चाकावरचा 'आधी' आणि इंजिनावरचा 'नंतर' असे दोन आकडे कुणी शेजारी ठेवले तर कागद परत द्या. दोन्ही कागदांवर एकच गिअर, करेक्शनची एकच पद्धत, टायरमध्ये तेवढीच हवा आणि इनटेक टेंपरेचर लिहिलेलं असावं. आणि एकेका वस्तूनंतर वेगळा कागद मागा. फिल्टर लावल्यावर एक, हेडर लावल्यावर एक. जो ट्यूनर याला हो म्हणतो तो भला माणूस.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे, खंबाटकीच्या चढाकडे.

सिटी रिकामी साधारण ११०० किलोची. पाच माणसं आणि सामान धरून चारशे किलो चढवले की ती १५०० ची झाली. रिकाम्या गाडीला टनामागे १०८ पीएस मिळत होते, भरलेल्या गाडीला ७९ मिळतात. चढ शंभराला सहाचा धरला, तर १५०० किलोची गाडी ताशी ६० ने नुसती वर उचलायलाच वीस पीएस लागतात. हवेचा आणि टायरचा विरोध वेगळा. एसीचा कॉम्प्रेसर तीन-चार पीएस खातो. विरळ हवेने सहा आधीच नेलेत. म्हणजे गाडी ओढत नाही ही तुमची तक्रार खोटी नाही.

पण तुम्ही त्या वेळी कुठल्या गिअरमध्ये असता? पाचव्यात इंजिन समजा २२०० ला फिरतंय आणि टॉर्क १२५ आहे. मघाचं सूत्र लावा, ३९ पीएस. पॅडल तळापर्यंत दाबलं तरी त्या क्षणी तेवढेच. तेच तिसऱ्यात टाकलं की इंजिन ४००० च्या आसपास येतं, टॉर्क १४० धरा, तर ८० पीएस. एका शिफ्टमध्ये ताकद दुप्पट. दीड लाखाच्या कुठल्याही पॅकेजमध्ये चाळीस पीएस नाहीत. हे इंजिन फिरवायलाच बनवलेलं आहे, त्याचा इनटेक व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅम वरच्या आरपीएमलाच कामाला लागतो. ५५०० पर्यंत फिरवल्याने काही बिघडत नाही, फक्त ऑइल तापलेलं आणि लेव्हलला असलं पाहिजे. बरेच लोक मायलेजच्या सवयीने २५०० ला गिअर बदलतात आणि घाटातही तेच करतात. ट्रकच्या मागे असतानाच तिसरा टाका, इंजिन ३५०० ला येऊ द्या, रस्ता मोकळा दिसला की मग बाहेर पडा. बाहेर पडल्यावर गिअर शोधत बसलं तर उशीर होतो.

एवढं करूनही ओढत नसेल, तर ११९ पैकी किती उरलेत ते आधी बघू. सत्तर हजारांवर आलेल्या इंजिनात दहा-बारा पीएस गायब असणं मला नवीन नाही. आणि ते परत मिळवायला पाच आकडी खर्चही क्वचित लागतो.

सुरुवात कॉम्प्रेशन टेस्टने करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोल आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. गेज लावून प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरचे सारखे फेरे द्या. चौघांचे आकडे किती मोठे आहेत यापेक्षा ते एकमेकांच्या किती जवळ आहेत ते महत्त्वाचं. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दोन बारने खाली असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. हे पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे आणि त्याशिवाय ताकद वाढवायची चर्चा सुरू करणारा माणूस मला आवडत नाही.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातला बारीक गॅप. या इंजिनाला आपोआप जुळणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, स्क्रूने हाताने सेट करावे लागतात. सर्व्हिस सेंटरला बहुतेक वेळा आवाज येत नाही म्हणून कव्हर उघडत नाहीत. पण आवाज करतो तो ढिला टॅपेट. घट्ट झालेला टॅपेट गप्प असतो आणि नुकसान तोच करतो. वर्षानुवर्षं व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो, गॅप मिटत जातो आणि शेवटी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसेनासा होतो. सीटला टेकला नाही की त्याची उष्णता हेडमध्ये जायला वाट राहत नाही, कडा जळते, कॉम्प्रेशन पडतं. सीएनजी किट लावलेल्या गाड्यांत हे लवकर होतं. तुमची आधी कधी सीएनजीवर होती का, याची चौकशी करा. फीलर गेज घालताना मी एक्झॉस्टचा गॅप आधी बघतो. पाती अजिबात आत जात नसेल तर गाडी का ओढत नाही याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच मिळतं. टॅपेट सेट करताना इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे गाडी रात्रभर तुमच्याकडे उभी हवी असं मेकॅनिक म्हणाला तर तो बरोबर सांगतोय.

थ्रॉटल बॉडीवरचा कार्बन, इरिडियम प्लगांचा गॅप, इंजेक्टरची फवारणी, इंधनाचं प्रेशर हे नेहमीचं, त्यावर वेळ घालवत नाही. दोन गोष्टी मात्र सहसा कुणी बघत नाही. एक, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून तुंबलेला आहे का. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावायचा. २५०० आरपीएमला तीन पीएसआयच्या वर आकडा गेला तर धूर अडतोय. ऑइल खाणाऱ्या किंवा मिसफायर सहन केलेल्या गाड्यांत हे होतं. दुसरी, ब्रेक धरून राहतोय का. चाळीस-पन्नास किलोमीटर चालवून आल्यावर चारही रिमजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा भलतंच गरम लागलं तर इंजिनाची ताकद तिथे चाललीय. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चढावर आरपीएम चढतात पण वेग चढत नाही असं होत असेल, तर क्लच प्लेट सरकतेय.

हे सगळं करण्याआधी आणि केल्यानंतर एकाच मोकळ्या, सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० ला किती सेकंद लागतात ते मोजा. शेजारच्याने फोनच्या जीपीएसवर वेळ घ्यायची, चालवणाऱ्याने रस्ता बघायचा. जाताना आणि येताना दोन्ही बाजूंनी मोजून सरासरी काढा, म्हणजे वाऱ्याचा आणि उताराचा हिशेब निघून जातो.

समजा हे सगळं ठीक निघालं आणि तरीही मन भरलं नाही. इंजिन खरोखर बांधायचंच असेल, तर काम हेडमध्ये आहे. पोर्ट साफ करणं, व्हॉल्व्ह सीटला तीन कोन देणं, कॉम्प्रेशन वाढवणं. मला हे काम मनापासून आवडतं, पण त्याचाही हिशेब ऐका. कॉम्प्रेशन रेशो १० चा ११ केला तर पुस्तकातल्या गणिताने सुद्धा अडीच टक्केच मिळतात, म्हणजे तीन पीएस. त्यासाठी हेड साधारण एक मिलिमीटर घासावं लागतं. एक मिलिमीटर म्हणजे खूप झालं. हेड खाली आल्याने टायमिंग चेनचा हिशेब सरकतो, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर कमी होतं आणि चढावर साध्या पेट्रोलवर नॉकिंग सुरू होतं. पोर्टिंग आणि जास्त लिफ्टचा कॅम मिळून अजून काही येतील, पण ते सगळे ५००० च्या वर. आयडल खडबडीत होईल आणि सिग्नलच्या गर्दीत घरातल्या इतरांना गाडी चालवणं जड जाईल.

टर्बो बसवला तर १५० सहज ओलांडता येतात हे खरं. ०.४ बार बूस्टलाच कागदावर १६५ होतात. पण दहाच्या वर कॉम्प्रेशन असलेल्या, टर्बोसाठी न बनवलेल्या पिस्टनवर ते करायचं म्हणजे इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, ऑइलची आणि पाण्याची वेगळी लाइन, क्लच आणि स्वतंत्र ट्यूनिंग. दीड लाखात प्रामाणिकपणे हे होत नाही. मग ब्रेक आले. तुमच्या गाडीला मागे ड्रम आहेत. १०० ऐवजी १२० ने जाणारी गाडी थांबवायला ४४ टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते आणि तीही घाटात, तापलेल्या ब्रेकवर. त्यापेक्षा गाडी विकून त्यात तो खर्च घाला आणि कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली सेडान घ्या. स्लाव्हिया किंवा व्हर्टसचं १.० टीएसआय ११५ पीएसचंच आहे, तुमच्यापेक्षा चार कमी, पण १७८ न्यूटन मीटर ते १७५० आरपीएमपासून देतं. खंबाटकीच्या चढाला तुम्ही जे शोधताय ते हेच. १.५ टीएसआय तर १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर, वॉरंटीसकट. विरळ हवेत टर्बो बरीचशी भरपाईही करून देतो. ती गाडी घेतल्यावर पुन्हा रीमॅपच्या मागे लागायचं असेल, तर एवढं बघा की १.५ टीएसआय सोबत मिळणाऱ्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे आणि खालच्या आरपीएमला जास्त बूस्ट दिला की छोट्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत स्पार्कच्या आधीच मिश्रणाने पेट घेऊन पिस्टनची रिंगेची कड तुटू शकते. एपीआय एसपी (इंजिन ऑइलचा एक दर्जा) लिहिलेल्या ऑइलला त्यासाठीची चाचणी पास व्हावी लागते. ऑइल घेताना डब्यावर तेवढं वाचा.

कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बसणार नाही असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलंय. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि धुरासाठी कलम १९० वेगळं. कॅट काढलेली गाडी पीयूसीला अडकू शकते. मला मात्र जास्त काळजी विम्याची वाटते. विमा कंपनीला न कळवता इंजिनात बदल केला आणि अपघात झाला, तर सर्व्हेअर बॉनेट उघडून कोन फिल्टर आणि हेडरचे फोटो काढतो आणि क्लेम अडकतो. पाच माणसं घेऊन फिरणाऱ्या गाडीला ही जोखीम नको. जोरात पळवायची हौस असेल तर कोइम्बतूरची कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटर स्पोर्टच्या संघटनेच्या) परवान्याच्या शर्यतींत मॉडिफाइड गाड्यांचे वर्ग असतात. तिथे बांधलेलं इंजिन नेणं योग्य आहे आणि तसं इंजिन बांधायला मी केव्हाही तयार आहे.

तुम्ही शेवटी १०० ऑक्टेन पेट्रोलचंही विचारलं होतं. तुमचं इंजिन साध्या पेट्रोलवर पूर्ण टायमिंग घेईल असंच बनवलंय. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग सोसायची ताकद, त्यात जास्त ऊर्जा नसते. फायदा एकाच परिस्थितीत दिसतो. आत कार्बन साचलाय, एप्रिल-मेचं ऊन आहे, गाडी भरलेली आहे आणि ईसीयू नॉकिंगमुळे टायमिंग मागे घेतोय. ते तपासायचं असेल तर घाटात जाताना स्कॅनर लावून कुणाला तरी इग्निशन टायमिंगचा आकडा बघायला सांगा, एकदा साध्या पेट्रोलवर आणि एकदा टाकी जवळजवळ रिकामी करून ९५ किंवा १०० ऑक्टेन भरल्यावर. आकड्यात फरक पडला तर कार्बन साफ करून घ्या आणि पुन्हा साधं पेट्रोल भरा. फरक पडलाच नाही, तर महाग पेट्रोलचे पैसे टायरला ठेवा. टायर २०१७ चेच असतील तर ते तसेही आधी बदलायचे आहेत.